पदव्या दाराबाहेर, पुरावे आत
मराठीतले जाणकार आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक यांचा संयुक्त जाहीरनामा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याला वीस वर्षे उलटून गेली, आणि एवढ्या काळात मराठीतले दोन गट एकमेकांकडे पाठ फिरवून बसले. एका गटाने आयुष्य एकेका विषयात घातले: कोणी मोडी दफ्तरे वाचली, कोणी सह्याद्रीतल्या वनस्पती नोंदवल्या, कोणी बोलींचे नमुने गोळा केले. दुसऱ्या गटाने रात्रीची जेवणे उरकल्यावर, एका पैशाची अपेक्षा न ठेवता, कोणालाही फुकट वाचता येईल असा कोश उभा केला. पहिला गट दुसऱ्याला हौशी म्हणतो, दुसरा पहिल्याला अहंकारी म्हणतो. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे, म्हणून तर हे भांडण इतके टिकले.

आम्ही दोन्हीकडचे आहोत. आमच्यात महाविद्यालयांत शिकवणारे आहेत, निवृत्त ग्रंथपाल आहेत, बँकेतून घरी आल्यावर लेखांची साफसफाई करणारे आहेत, परदेशात राहून आपल्या तालुक्याची माहिती लिहिणारे आहेत. आजवर आम्ही समोरासमोर उभे होतो. आता एका बाजूला येत आहोत, आणि हे वाचणाऱ्यालाही तिथे जागा करून देत आहोत.

आधी भांडण काय आहे ते नीट सांगू.

इतिहासाच्या एक प्राध्यापक आपल्या विषयावरचा लेख उघडतात. ग्रंथाचे प्रकाशनवर्ष चुकलेले असते, एकाच आडनावाच्या दोन माणसांची सरमिसळ झालेली असते. त्या दुरुस्ती करतात. चहा घेऊन परत येतात तोवर जुना मजकूर पुन्हा जागेवर, आणि लेखाच्या इतिहासात एक ओळ: संदर्भ नाही, उलटवले. त्या पुन्हा दुरुस्त करतात, ते पुन्हा उलटते. तिसऱ्या खेपेला त्यांच्या चर्चा पानावर सूचनेचा तयार साचा येऊन पडतो. त्यात धोरणांचे पाच दुवे असतात आणि माणसाने माणसाला लिहिलेले एकही वाक्य नसते. बाई संगणक बंद करतात. पुढची दहा वर्षे त्या वर्गात बजावत राहतात की विकिपीडियाला हात लावू नका.

आता हेच पलीकडून पाहा. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. नवे बदल तपासणाऱ्या स्वयंसेवकाला दिसते की खाते न उघडलेल्या एका अनोळखी संपादकाकडून तीन परिच्छेद उडवले गेले आहेत, त्यांच्या जागी नवा मजकूर आला आहे, आणि त्यात एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकाचे नाव चारदा आहे. विचारले तर उत्तर येते, ‘मी या विषयात पीएचडी आहे.’ असेलही. पण हे ओळखायचे कसे? ज्या रात्री खऱ्या प्राध्यापक आल्या, त्याच रात्री आपल्या घराण्याला थेट यादवांशी जोडणारा एक जण आला होता, आणि एक जण स्वतःच्या कवितासंग्रहाची जाहिरात करून गेला होता. तिघांचाही सूर सारखाच ठाम होता. २००७ साली तर इंग्रजी विकिपीडियावरचा एक वजनदार पदाधिकारी स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवत होता आणि निघाला कसलीही उच्च पदवी नसलेला चोवीस वर्षांचा तरुण. त्याच्या शब्दावर ‘न्यू यॉर्कर’सारख्या साप्ताहिकानेही विश्वास ठेवला होता. नावापुढची पदवी टंकायला कळफलकाची दोन बटणे पुरतात.

म्हणून नियम आले. स्वतःचे नवे संशोधन इथे मांडू नका. प्रत्येक विधानाला प्रकाशित संदर्भ द्या. ज्या मताला अभ्यासकांत जेवढे वजन आहे, तेवढीच जागा त्याला द्या. हे नियम मूर्खपणाचे नाहीत. पण नियम पाळणारा माणूस दमलेला असला, एकटा असला आणि विषयाला नवा असला, की त्याच नियमांची भिंत होते.

त्या भिंतीवर डोके आपटलेल्यांत टिमथी मेसर-क्रूझ हे अमेरिकी इतिहासकार सर्वांत प्रसिद्ध. शिकागोच्या हेमार्केट चौकात ४ मे १८८६ च्या रात्री पोलिसांवर बॉम्ब पडला. आठ तासांच्या दिवसासाठी १ मेपासून पेटलेल्या संपाचे ते दिवस होते. आठ जणांवर खटला चालला, चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. जगभरचा कामगार दिन या प्रकरणाच्या आठवणीशी बांधलेला आहे. आपल्याकडे तो नेमका महाराष्ट्र दिनाच्या दिवशी येतो, आणि योगायोगाने मराठी विकिपीडियाचा वाढदिवसही तोच. मेसर-क्रूझ ओहायोतल्या एका विद्यापीठात शिकवत होते. पाठ्यपुस्तक सांगत होते की आरोपींना बॉम्बशी जोडणारा पुरावा सरकारी पक्षाने दिलाच नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारले, पुरावाच नव्हता तर खटल्यात सहा आठवडे बोलत काय होते? या एका प्रश्नावर त्यांनी काही वर्षे घालवली. खटल्याचे मूळ कागद काढले. तिथे ११८ साक्षीदारांच्या जबान्या होत्या.

२००९ मध्ये त्यांनी विकिपीडियावरचे तसेच विधान काढायचा प्रयत्न केला. काही मिनिटांत ते परत आले. त्यांनी खटल्याचे कागद दाखवले, तर मूळ कागद चालत नाहीत, त्यांवर कोणी लिहिलेले दुय्यम साधन आणा असे उत्तर मिळाले. प्रकाशित लेख दाखवले, तर हे अल्पमत आहे, बहुसंख्य पुस्तके वेगळे सांगतात असे ऐकावे लागले. ते थांबले. २०११ मध्ये त्यांचे पुस्तक आले, ते घेऊन पुन्हा गेले, पुन्हा उलटवले गेले. एका स्वयंसेवकाने तर समजूत घातली की एक सोडून सगळे इतिहासकार त्या काळचे आकाश हिरवे होते म्हणत असतील, तर आमच्या लेखात ‘बहुतेक इतिहासकार ते हिरवे होते म्हणतात, एक जण निळे म्हणतो’ असेच लिहावे लागेल. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी ही सारी हकिगत ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’मध्ये लिहिली, तेव्हा कुठे चर्चेला तोंड फुटले.

या प्रकरणाने विद्यापीठांतल्या मंडळींना विकिपीडियावर हसायला निमित्त दिले. आम्हाला ते हसणे मान्य नाही. आरोपी दोषी होते की नव्हते, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे. त्यात मेसर-क्रूझ यांचे म्हणणे नवे होते आणि इतर अभ्यासकांनी त्याला विरोधही केला. नव्या सिद्धान्ताची दवंडी पिटण्याची जागा ज्ञानकोश नाही, तिथे स्वयंसेवकांचे बरोबर होते. पण ११८ साक्षीदार आले, पुरावा मांडला गेला, ही घडलेली गोष्ट आहे. ती मान्य करायला पुस्तक छापून येण्याची वाट पाहायला लावणे हा नियमाचा आंधळेपणा होता. घडलेली गोष्ट आणि लावलेला अर्थ यांतली रेघ दोन्ही पक्षांनी त्या चर्चा पानावर शांतपणे ओढली असती, तर एका दुपारचे काम होते.

दुसरी प्रकरणे थोडक्यात. २०१२ मध्येच कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी आपल्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचा नायक कोणावरून सुचला याविषयीची चूक दुरुस्त करायला सांगितली, तर त्यांच्याकडे दुय्यम संदर्भ मागण्यात आला. त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये जाहीर पत्र लिहिले, आणि मग त्या पत्राचाच संदर्भ देता आला. २०१८ च्या मे महिन्यात डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञेवरच्या लेखाचा मसुदा, स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून, नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यावर सगळे विकिपीडियाला हसले. पण तोवर त्यांच्यावर स्वतंत्रपणे सविस्तर लिहायला कोणाला वेळ झाला नव्हता, हे वर्तमानपत्रांच्या आणि विद्यापीठांच्या लक्षात आले नाही.

यावर उपाय म्हणून तज्ज्ञांचा वेगळा कोश काढून पाहिला गेलेला आहे. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया सुरू केला होता. तिथे लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. तो बंद पडेपर्यंत पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते. विकिपीडियातून बाहेर पडलेल्या सँगर यांनी २००७ मध्ये सिटिझेंडियम उघडला: खरी नावे, तज्ज्ञांचा शेवटचा शब्द. तोही वाढला नाही. तज्ज्ञांना हुशारी कमी पडली नाही, हात कमी पडले. तिसऱ्यांदा हेच करून पाहण्याची आम्हाला हौस नाही.

इंग्रजीत हे भांडण परवडते. तिथे एक रुसला तर दहा जण रांगेत असतात. मराठीला ते परवडत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते, पण मराठी विकिपीडियावर नियमितपणे लिहिणारे सगळे एका लहान सभागृहात मावतील. लेखांची संख्या लाखाच्या आसपास पोहोचली याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्यातल्या कोणत्याही खेड्याचा लेख उघडून पाहा. हे अमुक जिल्ह्यातले एक गाव आहे, एवढे एक वाक्य. खाली मथळे: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. मथळ्यांखाली बहुतेक वेळा काही नाही, किंवा कुठल्याही गावाला लागू पडेल असे दोन ओळींचे पाऊसपाणी. त्या गावात एखादी गधेगाळ, म्हणजे शाप कोरलेली जुनी शिळा, असेल, तिच्यावर एखाद्या विद्यार्थिनीने शोधनिबंध लिहिला असेल, तो विद्यापीठाच्या कपाटात असेल. लेखापर्यंत तो पोहोचत नाही.

जाणकार दूर राहिले की काय होते, हे स्कॉट्स भाषेने पाहिले आहे. २०२० मध्ये उघड झाले की त्या भाषेच्या विकिपीडियातले हजारो लेख अमेरिकेतल्या एका किशोराने लिहिले होते, आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. त्याचा हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षे कोणी डोकावलेच नाही. आता तर यंत्रेही याच कोशांवर भाषा शिकतात. आज एका लेखात राहिलेली चूक उद्या कोणत्या तरी यंत्राच्या तोंडून, मोठ्या आत्मविश्वासाने, आपल्याच मुलांना ऐकवली जाईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण अभिजात भाषेच्या नावावर रिकाम्या मथळ्यांचे लेख शोभत नाहीत.

आता मुळाशी जाऊ. प्राध्यापकांची तक्रार आहे की आमची दुरुस्ती टिकत नाही. स्वयंसेवकांची तक्रार आहे की संदर्भ मिळत नाही. आमचे म्हणणे असे की या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. मराठीतले ज्ञान आहे, पण ते कुलपात आहे. प्रबंध कपाटात आहेत. विद्यापीठांनी ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवले तरी अनेक मराठी प्रबंध स्कॅन केलेली चित्रे म्हणून किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत अडकून पडले आहेत, त्यामुळे शोधायला गेले तर एक शब्दही सापडत नाही. चांगल्या पुस्तकांच्या आवृत्त्या संपून तीसतीस वर्षे झाली. संशोधन पत्रिकांचे जुने अंक एखाद्या निवृत्त सरांच्या माळ्यावर आहेत. जो स्वयंसेवक संदर्भ मागतो, त्याच्या हाताशी शेवटी इंग्रजी वर्तमानपत्र लागते. मग मराठी माणसाचा इतिहास मराठी कोशात इंग्रजी बातमीच्या आधाराने उभा राहतो, आणि तो वाचून मराठी प्राध्यापक संतापतात.

याची किंमत फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वांना दिसली. छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडियातल्या मजकुरावरून खळबळ उडाली. महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हा दाखल झाला. मजकुराबद्दल आमच्यात एकमत नाही, आणि ते असायलाही नको. पण एका गोष्टीवर आम्ही सगळे ठाम आहोत. वा. सी. बेंद्रे यांनी संभाजी महाराजांचे चरित्र १९६० मध्ये सिद्ध केले. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आहे. ज्या भाषेत एवढे काम झाले आहे, तिथे हा वाद पोलीस चौकीत जाण्याचे कारण नव्हते. तो चर्चा पानावर, ग्रंथ आणि पृष्ठ क्रमांक मांडून, चार अभ्यासकांनी मिटवायचा होता. न मिटता तर निदान दोन्ही बाजू नीट नोंदवायच्या होत्या. गुन्हा दाखल करून इतिहास सुधारत नाही. त्याने फक्त लिहिणारे हात आखडतात.

आणि हे राजवाड्यांच्या महाराष्ट्रात घडले. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांतले कागद मिळवत, ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून २२ खंडांत छापत. कागद दाखवा, मग बोला, ही या मातीतली शिस्त आहे. (ते आज असते तर त्यांचेही संपादन ‘मूळ संशोधन’ म्हणून उलटवले गेले असते. त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही चर्चा पानावर ठेवता आले नसते, हा भाग वेगळा.) त्याच मातीत श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदारांच्या जोरावर २३ खंड पुरे केले. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस कोशासाठी लोकांच्या दारोदार गेला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभारला. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा यायला जवळपास चार दशके लागली. केतकरांकडे लोकांचा पैसा होता, तर्कतीर्थांकडे तज्ज्ञांची फौज. आपल्याला दोन्हींचे वारस व्हायचे आहे.

म्हणून आम्ही आमच्या श्रद्धा मांडतो.

आम्ही मानतो की पदवी हा पुरावा नाही. पदवीमुळे पुरावा कुठे सापडतो हे कळते, आणि एवढे पुरेसे मोठे आहे. आम्ही मानतो की नियम हाही पुरावा नाही. नियम सांगतो की पुरावा कसा तपासायचा, आणि तपासणे वाचल्याशिवाय होत नाही. आम्ही मानतो की बरोबर दुरुस्ती संदर्भाशिवाय आली तर तिला संदर्भ शोधून देणे हे ती उलटवण्याहून मोठे काम आहे. आम्ही मानतो की चांगला अभ्यासक अनोळखी माणसाच्या शंकेने लहान होत नाही. तो वर्गात रोज शंकांना उत्तरे देतच असतो.

आम्ही मानतो की जाणकार फक्त विद्यापीठात राहत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट नोंदवल्या. त्या बायकांनी कधी प्रबंध लिहिला नव्हता. आज त्यांच्या शब्दाचा संदर्भ देता येतो, कारण कोणीतरी तो आदराने उतरवून घेतला. अशा उतरवून घेण्याला आम्ही संशोधनाइतकाच मान देतो.

आणि आम्ही मानतो की हे जमते. २००८ मध्ये ‘आरएनए बायोलॉजी’ या शोधपत्रिकेने ठरवले की आरएनएच्या कुळांवर शोधनिबंध पाठवणाऱ्याने त्या विषयाचा विकिपीडिया लेखही द्यावा, आणि तोही तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी आणि डॉक्टरांनी घडवलेला डेंग्यूवरचा इंग्रजी लेख ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय पत्रिकेत रीतसर तपासणी होऊन छापला गेला. पावसाळ्यानंतर आपल्या किती घरांत ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसून कोणीतरी फोनवर मराठीत डेंग्यू शोधते, याचा विचार डॉक्टरांनी करावा. त्या घरात तुमची ओपीडी पोहोचत नाही. तुमचे दोन परिच्छेद पोहोचतील.

आता आम्ही काय करणार ते सांगतो.

पहिले काम कुलपे काढण्याचे. आमच्यातला प्रत्येक अभ्यासक आपला प्रबंध, आपले जुने लेख, ज्यांचे हक्क स्वतःकडे आहेत ते सारे, युनिकोडमध्ये उतरवून मोकळ्या परवान्याखाली ठेवेल. जिथे प्रकाशकाची परवानगी लागते तिथे ती मागेल, आणि मागायला लाजणार नाही. ज्या लेखकांना जाऊन साठ वर्षे उलटली, त्यांचे लेखन कायद्याने सगळ्यांचे आहे. ते विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंग्रहावर अक्षर न अक्षर तपासून चढवू. विद्यापीठांना आम्ही सांगू की मराठी प्रबंध स्वीकारताना शोधता येईल अशी प्रत घ्या. यासाठी वेगळा निधी लागत नाही, परीक्षा विभागाचे एक परिपत्रक लागते.

दुसरे काम तपासणीचे. २००५ मध्ये ‘नेचर’ने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांपुढे ठेवले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने ती पाहणी फेटाळली, तो वाद अजून मिटलेला नाही. आम्हाला त्या आकड्यांपेक्षा ती पद्धत हवी आहे. आम्ही मराठी विकिपीडियातले ४२ लेख निवडू, त्याच विषयांवरच्या विश्वकोशातल्या नोंदी शेजारी ठेवू, आणि दोन्हींतल्या चुका काढू. त्या वर्तमानपत्राला देण्याआधी लेखाच्या चर्चा पानावर मांडू, संदर्भासह. विश्वकोशातल्या चुका विश्वकोशाला कळवू. मग पुढचे ४२.

अभ्यासक म्हणून आम्ही स्वतःवर काही बंधने घालून घेत आहोत. आम्ही खाते उघडून, शक्य तिथे आपल्या नावाने लिहू. स्वतःच्या पुस्तकाचा संदर्भ स्वतः घालणार नाही. चर्चा पानावर सुचवू आणि निर्णय दुसऱ्यावर सोडू. आपल्या गुरूंवरचा लेख आपण लिहिणार नाही. हे अनेकांना जड जाईल, कारण मराठी अभ्यासकाचे निम्मे लेखन गौरवग्रंथांत असते. उलटवले गेले तर रुसून जाणार नाही. पुस्तक उघडू, पृष्ठ क्रमांक लिहू, पुन्हा येऊ.

स्वयंसेवक म्हणूनही काही बंधने. नव्या माणसाचे पहिले काम उलटवण्याआधी त्याला साध्या मराठीत दोन ओळी लिहू, साचा चिकटवून मोकळे होणार नाही. काढलेला मजकूर कुठे सापडेल हे त्याला सांगू. विषय आपल्याला कळत नसेल तर तसे म्हणू आणि कळणाऱ्याला हाक मारू. त्यासाठीच चावडी आहे; विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानाला मराठीत हे नाव देणाऱ्यांनी फार शहाणपणाचे काम केले. तिथे पाटील एकटा बोलत नाही.

महाविद्यालयांना एक विनंती आणि एक इशारा. विनंती अशी की चांगला, टिकलेला, तपासला गेलेला कोशलेख प्राध्यापकाच्या पदोन्नतीच्या गुणांत धरा. आयएसएसएन छापलेल्या कोणत्याही अंकात पैसे भरून आलेला निबंध एके काळी पदोन्नतीच्या ‘एपीआय’ गुणांना चालत असे, आणि हजारो लोक वाचतात तो लेख चालत नसे, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही. इशारा असा की जानेवारीच्या मराठी भाषा पंधरवड्यात एका दिवसाची कार्यशाळा घेऊन, साठ मुलांकडून कुठून तरी उतरवलेला मजकूर चढवून, नॅकच्या फाइलसाठी फोटो काढण्याचा प्रकार आता थांबवा. त्या एका दुपारचा केर काढायला स्वयंसेवकांचे महिने जातात, आणि चोरलेला मजकूर वगळला गेला की मुलांना वाटते आपल्यावर अन्याय झाला. वर्षभर, दोन दोनच मुले, एकेक लेख, ग्रंथालयात बसून. असे करणाऱ्या शिक्षकाच्या शेजारी आम्ही येऊन बसू.

आणि जे करणार नाही तेही सांगून ठेवतो. आम्ही तज्ज्ञांचा वेगळा कोश काढणार नाही. तज्ज्ञाच्या नावापुढे खास खूण लावा अशी मागणी करणार नाही. कोणाही संपादकावर पोलीस कारवाईची मागणी करणार नाही, मजकूर आम्हाला कितीही चुकीचा वाटला तरी. या चळवळीला अध्यक्ष नाही, सरचिटणीस नाही, नोंदणी नाही. तिचा सगळा कारभार चर्चा पानांवर, उघड, कोणालाही वाचता येईल असा होईल.

या जाहीरनाम्यावर सही करायची असेल तर पद्धत ठरलेली आहे. नाव लिहावे, गाव लिहावे. पदवी, हुद्दा आणि पुरस्कार लिहू नयेत. त्या जागी आपल्या घरात असलेल्या आणि आता बाजारात न मिळणाऱ्या एका मराठी पुस्तकाचे, अंकाचे किंवा प्रबंधाचे नाव लिहावे. ज्या कोणाला त्यातले पान हवे असेल, त्याला ते आठ दिवसांत फोटो काढून पाठवण्याची जबाबदारी सहीबरोबर आली असे समजावे. घरात असे पुस्तक नसेल तर जवळच्या नगर वाचनालयात जावे, कपाट उघडायला सांगावे, आणि तिथले एक नाव लिहावे.